कुंकवाखालची अक्षरे : चित्रातील रंगांचा तीन खात्यांचा हिशोब



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या जुन्या मराठी घरांत कागदांची एक तरी पेटी असतेच. तिच्यात जमाखर्चाच्या वह्या असतात, जन्मपत्रिका आणि लग्नपत्रिका असतात, निजामी अमलातले उर्दू स्टँपपेपर असतात, मोडीतली चार पत्रे असतात आणि लालसर पडलेले रंगीत फोटो असतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपण अलीकडे राहिलो. कित्येक घराण्यांची माणसे आणि कागद असे दोन राज्यांत वाटले गेले. त्याआधीचा सरकारी कारभार उर्दूत होता, नंतरचा तेलुगूत आला. त्यामुळे घराण्याची मराठीतली नोंद बहुधा घरच्या पेटीतच शोधावी लागते.

मंडळातील आम्ही काही निवृत्त मंडळी असे कागद स्कॅन करून ठेवण्याच्या कामाला लागलो आहोत. सभासद दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "कुंकवाच्या डागाखाली काय लिहिले आहे ते दिसेल का?" दुसरा, "लाल पडलेला फोटो पूर्वीसारखा होईल का?" दोन्हींचे उत्तर पुष्कळदा "होय" असे येते. त्यामागे जादू नाही, साधे अंकगणित आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य बँकेत गेले. आम्हाला जमले ते कोणालाही जमेल. म्हणून ते अंकगणित इथे मांडतो.

ठिपका म्हणजे तीन रकमा

संगणकावरचे चित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलच्या नावे तीन खाती उघडलेली असतात: लाल, हिरवे आणि निळे. प्रत्येक खात्यात ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. ० म्हणजे त्या रंगाचा प्रकाश मुळीच नाही, २५५ म्हणजे पुरेपूर. तिन्ही ० असतील तर काळा, तिन्ही २५५ असतील तर पांढरा. लाल २५५, हिरवा २५५ आणि निळा ० असेल तर पिवळा. हे रंगपेटीतल्या रंगांचे मिश्रण नव्हे, प्रकाशाचे आहे. म्हणून लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो हे प्रथम विचित्र वाटते.

२५५ हाच आकडा का? संगणक एका खात्यासाठी आठ बिट जागा देतो, आणि आठ बिटांत २५६ वेगवेगळे आकडे बसतात, शून्य धरून. तीन खात्यांचे २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ केले की १,६७,७७,२१६ रंग होतात.

रंगीत चित्र तीन रंगांत वेगळे काढण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. १८६१ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनला एका रंगीत फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेले तीन फोटो एकावर एक प्रकाशित करून रंगीत चित्र दाखवले होते. आजचा मोबाईलसुद्धा तत्त्वाने तेच करतो.

एका आकड्यात तीन खाती कशी बसतात

प्रोग्रॅम लिहिताना पुष्कळदा पिक्सेलचा एकच मोठा आकडा हातात येतो. त्यातून तीन खाती वेगळी कशी करायची? बँकेतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण चेकच्या खालच्या पट्टीवर नेमकी हीच युक्ती छापलेली असते. नऊ अंकी एमआयसीआर कोडमध्ये पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. समजा एक कल्पित कोड ५०४९९८००७ आहे. त्याला १००० ने भागले की बाकी ७ उरते, ती शाखा. भागाकार ५०४९९८ येतो. त्याला पुन्हा १००० ने भागले की बाकी ९९८, ती बँक. आणि उरलेला ५०४ म्हणजे शहर.

पिक्सेलमध्ये फरक एवढाच की १००० च्या जागी २५६ असतात. कुंकवाच्या रंगाचा एक ठिपका घ्या: लाल १७८, हिरवा २४, निळा ३२. लाल गुणिले ६५,५३६, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा, अशी बेरीज केली की १,१६,७१,५८४ हा एकच आकडा मिळतो. उलट जायचे असेल तर ६५,५३६ ने भागा: भागाकार १७८, बाकी ६,१७६. बाकीला २५६ ने भागा: भागाकार २४, बाकी ३२. तिन्ही खाती परत हातात आली. प्रोग्रॅमवाले भागाकाराऐवजी आकड्यातले बिट १६ किंवा ८ घरे उजवीकडे सरकवतात आणि खालचे आठच ठेवतात. काम तेच, वेग जास्त.

काही ठिकाणी चौथे खातेही असते, पारदर्शकतेचे. त्याला अल्फा म्हणतात. ते सर्वांत वरच्या आठ बिटांत बसते. जावा या भाषेत त्यामुळे एक गंमत होते. पूर्ण अपारदर्शक कुंकवाचा ठिपका तिथे उणे ५१,०५,६३२ असा दिसतो. खाते ओव्हरड्राफ्टमध्ये गेलेले नाही! सर्वांत वरचा बिट जावा ऋण चिन्हाचा मानते, म्हणून आकडा उणे दिसतो. बिट सरकवून खालचे आठ घेतले की तेच १७८, २४ आणि ३२ निघतात.

कुंकू कसे बाजूला होते

आता मुख्य मुद्दा. दिवाळीला लक्ष्मीपूजनात वहीचे पहिले पान पूजले जाते, त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. जन्मपत्रिकेच्या आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना तेच लागते. नेमक्या त्याच पानावर नाव, गाव आणि साल लिहिलेले असते. पन्नास-साठ वर्षांनी डाग गडद दिसतो आणि अक्षर त्यात बुडते.

अशा पानावरचे नमुन्याचे आकडे बघू. जुना पिवळसर कागद: लाल २३०, हिरवा २१५, निळा १८०. कुंकवाचा डाग: लाल १९०, हिरवा ४०, निळा ४५. डागाखालची काळी शाई: लाल ५०, हिरवा ३०, निळा ३०.

आता एकेक खाते वेगळे वाचा. हिरव्या खात्यात डाग ४० आणि शाई ३०. फरक फक्त १०. निळ्यात ४५ आणि ३०, फरक १५. डोळ्याला काहीच दिसणार नाही. लाल खात्यात मात्र डाग १९० आणि शाई ५०, फरक १४०! नुसते लाल खाते करड्या छटांत छापले तर डाग जवळजवळ कागदासारखा उजळ होतो आणि अक्षर काळेभोर उठून दिसते.

साधे ब्लॅक अँड व्हाइट चित्र केले तर हे का साधत नाही? कारण तिथे तिन्ही खात्यांची भारित सरासरी घेतली जाते. रूढ सूत्रात लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग असतात. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश अधिक जाणवतो, म्हणून त्याला जास्त वजन. वरचे आकडे त्यात घातले तर डाग सुमारे ८५ आणि शाई ३६ येते, म्हणजे फरक ४९. लाल खात्यातली १४० ची तफावत सरासरीत विरून गेली. बँकेतही नफ्यातली शाखा आणि तोट्यातली शाखा एका बेरजेत घातल्या की कोणाचे काय चालले आहे ते कळत नाही; तसेच हे.

हळदीचेही असेच. ती निळा प्रकाश शोषते, लाल परत पाठवते. म्हणून लाल खात्यात हळदीचा डागही जातो. कुंकू परंपरेने हळदीपासूनच होते, अल्कलीच्या संपर्काने हळद लाल होते. शेंदूर आणि गुलालही लाल प्रकाश भरपूर परत पाठवतात. थोडक्यात, आपल्याकडचे शुभकार्याचे बहुतेक सगळे रंग लाल खात्यात उजळतात आणि काळी शाई मागे उरते.

याचा उपयोग किती मोठा, ते एका उदाहरणाने सांगतो. हैदराबाद संस्थानात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. एका पानावर साल १३३१ की १३३९ हे कळत नव्हते, कारण शेवटच्या अंकावर कुंकवाचे बोट उमटलेले. मराठी १ आणि ९ यांचे वळण एकमेकांजवळ जाणारे. लाल खाते वेगळे काढल्यावर ९ ची गाठ स्पष्ट दिसली. म्हणजे १९२१ च्या आसपासचे मानले जाणारे पान १९२९ च्या आसपासचे निघाले. आठ वर्षांच्या फरकाने वही आजोबांची की पणजोबांची, हे ठरते.

कोणत्या डागाला कोणते खाते

नियम सोपा आहे. जो रंग नाहीसा करायचा, तो ज्या खात्यात भरपूर जमा आहे ते खाते बघा. जो रंग गडद करायचा, तो ज्या खात्यात नाही ते खाते बघा.

हळद, कुंकू, शेंदूर, चहाचे आणि पाण्याचे तपकिरी डाग: लाल खाते. पण सावध, वहीतले मथळे लाल शाईने लिहिलेले असतील तर तेही लाल खात्यात पुसले जातील. ते हिरव्या किंवा निळ्या खात्यात वाचावेत.

निळी शाई: लाल खात्यात गडद दिसते.

जांभळा रबरी शिक्का: हिरव्या खात्यात गडद होतो. शिक्का वाचायचा असेल तर हिरवे खाते घ्यावे. शिक्क्याखालचे काळे अक्षर वाचायचे असेल तर निळे घ्यावे, तिथे शिक्का फिका पडतो.

फिकी पडून तपकिरी झालेली शाई: निळे खाते. तिथे शाई जास्त गडद दिसते, पण कागदाचे पिवळेपणही गडद दिसते, म्हणून तिन्ही खाती शेजारी ठेवून वाचावे.

काळ्यावर काळे सांडले असेल, म्हणजे काजळीच्या शाईवर तशीच शाई, तर तिन्ही खात्यांत सारखीच शिल्लक असते. तिथे या युक्तीने काही निघत नाही.

लाल पडलेले फोटो

रंगीत फोटोच्या कागदावर तीन रंगद्रव्यांचे थर असतात: सायन, मॅजेंटा आणि पिवळा. सायन म्हणजे आकाशी-हिरवट रंग. त्याचे काम लाल प्रकाश शोषण्याचे. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या पुष्कळ कागदांवर हा सायन थर आधी उडाला, अगदी अल्बममध्ये मिटून ठेवलेल्या फोटोंवरसुद्धा. लाल शोषणारेच गेल्यावर लाल उरला. म्हणून काकूंचा हिरवा शालू तपकिरी आणि सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसतात.

इथे लाल खाते ताणून जागेवर आणावे लागते. समजा फोटोतल्या काळ्याभोर केसांत लालाचा आकडा ० च्या जवळ हवा होता, तो आता ९० आहे. आणि सर्वांत उजळ जागी तो २५० आहे. मग प्रत्येक पिक्सेलच्या लालातून ९० वजा करायचे, २५५ ने गुणायचे आणि १६० ने भागायचे. १३० चा आकडा असा ६४ होतो. हिरव्या आणि निळ्या खात्यांना त्यांच्या त्यांच्या किमान-कमाल आकड्यांनी असेच ताणायचे. तिन्हींना एकच माप लावून चालत नाही, कारण तिन्ही थर सारखे उडालेले नसतात.

याची मर्यादाही ध्यानात असावी. ९० ते २५० या १६१ पायऱ्या आपण २५६ पायऱ्यांवर पसरल्या. मधल्या काही पायऱ्या रिकाम्याच राहतात. नवी माहिती तयार झालेली नाही. स्कॅनर प्रत्येक खात्याला १६ बिट देत असेल तर तसे स्कॅन करावे. तिथे ६५,५३६ पायऱ्या असतात, ताणल्यावर चट्टे पडत नाहीत. जिथे थर पूर्ण उडाला आहे तिथे मात्र काहीही केले तरी रंग परत येत नाही.

फोटोत पांढरे धोतर किंवा पांढरी टोपी असेल तर मापाला बरे पडते: तिथे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. पण लग्नघरातले धोतर हळदीने माखलेले असू शकते, हेही लक्षात घ्यावे!

हिशोबात घसरण्याच्या जागा

एक, हातचा हरवणे. फोटो उजळ करायला प्रत्येक खात्यात ४० मिळवले, तर २३० चे २७० व्हायला हवेत. पण आठ बिटांत २५५ पर्यंतच जागा. काही प्रोग्रॅम पुन्हा शून्यापासून मोजतात आणि १४ लिहून मोकळे होतात; पांढऱ्या कागदावर काळे ठिपके उगवतात. म्हणून २५५ च्या वर गेले की २५५ च लिहावे आणि शून्याच्या खाली गेले की शून्य, असे प्रोग्रॅमला सांगावे लागते.

दोन, खात्यांचा क्रम. पायथन भाषेतले पिलो हे साधन लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे देते. ओपनसीव्ही हे साधन निळा, हिरवा, लाल असे उलट देते. दोन्ही एकत्र वापरली आणि क्रम बदलला नाही तर कुंकू निळे दिसते.

तीन, जेपेग. या प्रकारच्या फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे आकडे साठवलेले नसतातच. उजेड वेगळा आणि रंग वेगळा असे साठवतात, आणि जागा वाचवायला रंगाचा तपशील बहुधा कमी करतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण खाती वेगळी काढली की अक्षरांच्या कडा चौकटीचौकटींच्या दिसू लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तर आणखी दाबलेला असतो. म्हणून मूळ स्कॅन टिफ किंवा पीएनजी प्रकारातच ठेवावा.

मूळ नोंद खोडायची नाही

अजिंठा १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांचे पापुद्रे जागच्या जागी बसवले. ते काम मोलाचे ठरले. पण त्यासोबत दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. तो थर काढणे नंतरच्या लोकांना जड गेले. खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चार भागांचे ग्रंथ छायाचित्रांच्या आधारे काढले; तेव्हा चित्र कसे दिसत होते याची ती वेगळी नोंद झाली. अलीकडे नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे पुनरुज्जीवन छायाचित्रांवरून संगणकावर केले. तिथे भिंतीला हात लागत नाही.

घरच्या कागदांनाही हेच लागू. डाग खरवडू नये, ओल्या बोळ्याने पुसू नये. स्कॅन करावा, मूळ फाइल तशीच ठेवावी आणि सगळे प्रयोग प्रतीवर करावेत. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची वेगळी नोंद करतात, तीच शिस्त.

हल्ली मोबाईलवर जुने फोटो "सुधारून" देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप आली आहेत. त्यांची चित्रे छान दिसतात, पण अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी ती अंदाजाने चेहरा भरतात आणि पुसट अक्षराच्या जागी कल्पनेतले अक्षर. भिंतीवर लावायला हरकत नाही. वंशावळीसाठी किंवा साल ठरवण्यासाठी ते चित्र घेऊ नये. खाती वेगळी करताना मात्र आपण कागदावर जे आहे तेच वेगळ्या उजेडात बघतो, त्यात भर घालत नाही. तरीसुद्धा ती वाचनाची सोय आहे. कोर्टकचेरीत किंवा तहसीलमध्ये दाखवायचा तो मूळ कागदच.

घरी काय करावे

फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर मोबाईलपेक्षा तोच बरा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात एकेक घर साधारणपणे एकच रंग मोजते आणि उरलेले दोन शेजारच्या घरांवरून काढले जातात; स्कॅनर प्रत्येक जागी तिन्ही रंग मोजतो. पत्रे आणि वह्या इंचाला ३०० ठिपक्यांनी आणि फोटो ६०० ठिपक्यांनी स्कॅन करावेत. सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० ने स्कॅन केला की ८६,४०,००० पिक्सेल होतात. तीन खात्यांचे मिळून सुमारे २६ मेगाबाइट. एका पेन ड्राइव्हमध्ये अख्ख्या घराण्याचा अल्बम मावतो. स्कॅनरची "ऑटो करेक्शन" सोय बंद ठेवावी आणि कागद काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करावा. नाहीतर तीन खाती सुरुवातीलाच एक होऊन जातात.

खाती वेगळी करायला प्रोग्रॅम लिहिता यायलाच हवा असे नाही. जिम्प हे मोफत साधन उघडून कलर्स, मग कंपोनंट्स, मग डीकंपोज असे निवडले की तीन करडी चित्रे समोर येतात. इमेजजे या मोफत साधनात इमेज, कलर, स्प्लिट चॅनेल्स असा मार्ग आहे. कॉलेजात शिकणारी नातवंडे घरी असतील तर त्यांना पायथन आणि पिलो घेऊन बसवा. चित्र उघडणे, "स्प्लिट" ही आज्ञा देणे आणि तीन फाइली साठवणे एवढे चार-पाच ओळींचे काम आहे. नातवाने खाते उघडावे आणि आजोबांनी मोडी वाचावी. दोघांपैकी एकट्याने ते पान वाचून होत नाही.

सभासदांना एक विनंती. कागद आणताना पेटीतला क्रम बदलू नका आणि फोटोतल्या माणसांची नावे, गावे आणि नाती वेगळ्या कागदावर लिहून आणा. जैनथ, बेला, बोथ, उटनूर, जिथे जिथे आपली वडीलधारी मंडळी आहेत तिथे या सुट्टीत जाऊन आधी ती नावे विचारून घ्या. उडालेला रंग हिशोबाने थोडाफार परत आणता येतो, पण मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण उभे आहे, हे त्या पिढीलाच ठाऊक असते.